कॉलिंगवुडच्या पोटातला गोळा

वर्षभर मागे राहिलेला मुलगा वार्षिक परीक्षेत नापास झाला, तर घरात चार दिवस उदासी राहते आणि मग सारे शांत होते. त्या निकालाने कोणाचा विश्वासघात झालेला नसतो. परंतु तिमाहीत पहिला, सहामाहीत पहिला असा जो मुलगा येत गेला, त्याने ऐन वार्षिक परीक्षेत कच खाल्ली, तर त्या घरातील प्रश्न वर्षानुवर्षे संपत नाहीत. अभ्यास कमी पडला, की आत्मविश्वास फाजील झाला? प्रकृती बिघडली, की धीर सुटला? आणि अखेरीस सर्वांत बोचणारा प्रश्न येतो : याच्या स्वभावातच काही उणे आहे काय? अपयशापेक्षा अपयशाचे हे निदान अधिक दुःखदायक असते. अपयश एका दिवसाचे असते. निदान मात्र जन्माला चिकटून राहते.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या एका उपनगराने हा अनुभव एक-दोन वर्षे नव्हे, तर बत्तीस वर्षे घेतला. उपनगराचे नाव कॉलिंगवुड, आणि परीक्षा फुटबॉलची.

हा फुटबॉल म्हणजे ज्यात गोल चेंडूला हात लावणे निषिद्ध आहे तो खेळ नव्हे, आणि रग्बीही नव्हे. त्याचा जन्म क्रिकेटच्या कुशीत झाला. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या नामांकित क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहून सुचविले, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे जड होऊ नयेत यासाठी फुटबॉलचा एखादा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी खेळाचे नियम लिहिले गेले. क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानावर दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा खेळाडू लांबट चेंडू घेऊन धावतात, तो पायाने उडवितात, मुठीने ठोसून साथीदाराकडे देतात आणि प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर चढून हवेतच झेलतात. चेंडू फेकण्यास मात्र मनाई आहे. सामन्याचे चार चरण असतात, आणि प्रत्येक चरणाचा शेवट भोंग्याने होतो.

या खेळाची गुण मोजण्याची रीत ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढील सारी कहाणी तिच्यावर उभी आहे. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब रोवलेले असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू पायाने मारून पार केला, तर गोल होतो आणि सहा गुण मिळतात. नेम थोडा चुकून चेंडू मधल्या व कडेच्या खांबांमधून गेला, तर एक गुण मिळतो. या एका गुणाला ‘बिहाइंड’ म्हणतात. म्हणजे हुकलेल्या नेमाचेही या खेळात अल्पसे बक्षीस आहे. सहा बिहाइंड मिळून एक गोल, असा हा हिशेब. नेम पुनःपुन्हा थोडक्यात चुकणे हे येथे दुर्दैव असते. परंतु ते दुर्दैवही फलकावर मांडले जाते.

हिवाळाभर साखळी सामने चालतात. १९७० पासून त्या काळी प्रत्येक क्लबाला बावीस सामने खेळावे लागत. वसंत ऋतू लागला, म्हणजे तिकडचा सप्टेंबर उजाडला, की वरच्या चार क्लबांचे, आणि १९७२ पासून पाच क्लबांचे, बाद सामने सुरू होत, व अंतिम सामना मेलबर्न क्रिकेट मैदानावर होई. क्रिकेटप्रेमी मराठी घरांना हे मैदान अपरिचित नाही. २०२० च्या डिसेंबरात कप्तान अजिंक्य रहाणे याने येथेच शतक ठोकून भारताला विजय मिळवून दिला. अंतिम सामना जो जिंकेल तोच त्या वर्षीचा विजेता. हिवाळाभर कोण पहिला होता, याची नोंद राहते. मान मात्र राहत नाही.

कॉलिंगवुड हे यारा नदीजवळच्या सखल भागातले कष्टकऱ्यांचे उपनगर. जोड्यांचे कारखाने, दारूच्या भट्ट्या आणि दाटीने उभी असलेली लहान घरे, असे त्याचे जुने रूप होते. १८९२ साली येथे क्लब स्थापन झाला, तेव्हा जमिनींच्या सट्ट्याचा फुगा फुटून मेलबर्नवर मंदीचे सावट पसरले होते. अशा वेळी ज्या वस्तीजवळ अभिमान धरण्यासारखे फारसे काही उरले नव्हते, तिला काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या सदऱ्यातील संघ मिळाला. या रंगांवरून त्यांना तिकडच्या ‘मॅगपाय’ पक्ष्याचे नाव पडले. चारच वर्षांत संघाने अजिंक्यपद जिंकले. पुढे जॉक मॅकहेल या प्रशिक्षकाच्या हाताखाली १९२७ ते १९३० अशी लागोपाठ चार वर्षे कॉलिंगवुड विजेते ठरले. सलग चार अजिंक्यपदांचा हा विक्रम अन्य कोणत्याही क्लबाला साधलेला नाही. १९५८ साली मेलबर्न क्लब तीन वर्षे सतत जिंकून चौथ्या विजयाच्या उंबरठ्यावर उभा होता. त्याला अंतिम सामन्यात अठरा गुणांनी हरवून कॉलिंगवुडने आपला विक्रम राखला. मुख्य स्पर्धेतील ते तेरावे अजिंक्यपद. चौदावे दोन-चार वर्षांत येईल, याविषयी त्या दिवशी कोणाला शंका असण्याचे कारण नव्हते.

ते आले १९९० साली. मधल्या काळात कॉलिंगवुडचा संघ दुबळा होता, असे असते तर ही कहाणी सांगण्याजोगी झालीच नसती. १९६६, १९६९, १९७०, १९७३ आणि १९७७ अशी पाच वर्षे साखळी सामन्यांच्या अखेरीस हाच संघ तक्त्यात सर्वांच्या वर होता. १९७३ साली त्याने बावीसपैकी एकोणीस सामने जिंकले होते. तरीही सप्टेंबर आला, की हातातोंडाशी आलेला घास निसटे. १९६९ व १९७३ साली अग्रस्थानी असूनही संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचलाच नाही. १९६०, १९६४, १९६६, १९७०, १९७७, १९७९, १९८० आणि १९८१ या आठ वर्षी तो अंतिम सामन्यात उतरला आणि अजिंक्यपदाविना परतला.

यांपैकी १९७० चा सामना कॉलिंगवुडची माणसे कधी विसरली नाहीत. प्रतिस्पर्धी होता शेजारच्या वस्तीचा कार्लटन. पंधराच दिवसांपूर्वी कॉलिंगवुडने त्याला उपांत्य फेरीत हरविले होते. २६ सप्टेंबर रोजी मैदानात १,२१,६९६ प्रेक्षक जमले. या खेळाला तेवढी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती आणि नंतरही झालेली नाही. त्या मोसमात शंभरावर गोल करणारा पीटर मॅककेना पूर्वार्धात अनिवार खेळला, आणि मध्यंतराला कॉलिंगवुडची आघाडी चव्वेचाळीस गुणांची झाली. एवढ्या पिछाडीवरून अंतिम सामना आजवर कोणी जिंकला नव्हता. पाठीराख्यांनी मनातल्या मनात गुढ्या उभारल्या असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही.

मध्यंतरात कार्लटनचा प्रशिक्षक रॉन बरासी याने आपल्या खेळाडूंना एकच मंत्र दिला : लांब लाथ मारून वाट पाहत बसू नका, मुठीने चेंडू पुढे देत सतत धावत राहा. टेड हॉपकिन्स नावाचा लहान चणीचा राखीव गडी त्याने आत घेतला. तिसऱ्या चरणात कार्लटनने आठ गोल केले, त्यांत एकही नेम चुकला नाही. चव्वेचाळीसची आघाडी सतरावर आली. शेवटच्या चरणात तीही विरघळली आणि कार्लटन दहा गुणांनी जिंकले. हॉपकिन्सच्या नावावर चार गोल लागले.

त्या काळच्या कॉलिंगवुडच्या प्रशिक्षकाचे नाव बॉब रोझ. हा क्लबाचा अत्यंत आवडता जुना खेळाडू. १९५३ च्या विजयी संघात तो होता. १९६४ साली तो प्रशिक्षक झाला आणि त्याच वर्षी त्याचा संघ अंतिम सामना मेलबर्नकडून चार गुणांनी हरला. अखेरच्या मिनिटांतील तो निर्णायक गोल नील क्रॉम्प्टन नावाच्या बचावपटूने केला. हा गृहस्थ आपल्या गोलाचे रक्षण सोडून दुसऱ्या टोकाला आला होता. १९६६ साली सेंट किल्डाने एका गुणाने हरविले. बॅरी ब्रीन याने घाईत मारलेला चेंडू गोलाच्या खांबांतून न जाता बाजूने गेला, आणि त्या हुकलेल्या नेमाच्या एका गुणावर सेंट किल्डाला पहिले अजिंक्यपद मिळाले. त्यानंतर १९७० चे दहा गुण. चार, एक आणि दहा. तीन अजिंक्यपदे आणि बॉब रोझ यांच्यामध्ये मिळून पंधरा गुणांचे अंतर होते. हे पंधरा गुण इकडचे तिकडे झाले असते, तर याच माणसाला थोर सेनापती म्हटले गेले असते. १९७१ नंतर त्याने ते पद सोडले.

पुढची वर्षे अधिकच निष्ठुर ठरली. १९७६ साली क्लब तक्त्याच्या तळाला गेला आणि नव्या प्रशिक्षकाच्या, टॉम हेफीच्या, हाताखाली दुसऱ्याच वर्षी शिखरावर आला. १९७७ च्या अंतिम सामन्यात तीन चरण संपले तेव्हा तो नॉर्थ मेलबर्नच्या सत्तावीस गुण पुढे होता. शेवटच्या चरणात आघाडी गेली, रॉस डन याच्या एका झेलामुळे व गोलामुळे कशीबशी ७६-७६ अशी बरोबरी झाली, आणि आठवड्याने पुन्हा खेळविलेला सामना कॉलिंगवुडने गमावला, तोही नेमक्या सत्तावीस गुणांनी. १९७९ साली कार्लटनच्या वेन हार्म्स याने सीमारेषेवर झेप घेऊन चेंडू आत लोटला व त्यातून गोल झाला. सामना पाच गुणांनी गेला. तो चेंडू रेषेबाहेर गेला होता, ही कॉलिंगवुडच्या पाठीराख्यांची तक्रार आजही कायम आहे. १९८० साली मात्र तक्रारीला जागाच नव्हती. रिचमंडने एक्याऐंशी गुणांनी धूळ चारली. १९८१ साली तिसऱ्या चरणात पुढे असलेला संघ पुन्हा कार्लटनपुढे नमला.

अशा वेळी मनुष्य कारण शोधतो, आणि कारण सापडले नाही तर नाव शोधतो. इंग्रजीत ‘कॉलीवॉबल्स’ असा एक गमतीदार शब्द आहे. धास्तीने पोटात कालवाकालव होणे, गोळा उठणे, असा त्याचा अर्थ. त्यात क्लबाचे नाव मिसळून ‘कॉलिवॉबल्स’ हा नवा शब्द तयार झाला. तो लू रिचर्ड्स याने घडविला, असे सर्वत्र मानले जाते. हा रिचर्ड्स कोणी बाहेरचा टवाळ नव्हता. १९५३ च्या विजयी कॉलिंगवुड संघाचा तो कप्तान. पुढे पत्रकार व समालोचक म्हणून प्रसिद्धीस आला. घराचे व्यंग घरच्याच माणसाने चारचौघांत बोलून दाखवावे, असा हा प्रकार झाला. म्हणूनच तो शब्द इतका खोल रुतला.

त्या शब्दाने पाठीराख्यांची सोय झाली. हिवाळाभर दर शनिवारी ट्रामने व्हिक्टोरिया पार्कवर जायचे, पावसात उभे राहायचे, लेकरांच्या गळ्यात काळे-पांढरे गळपट्टे घालायचे, १९०६ साली एका खेळाडूने रचलेले क्लबाचे गाणे म्हणायचे (त्या गाण्यात अजिंक्यपद म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, अशी ऐट आहे), आणि सप्टेंबरात रिकाम्या हातांनी घरी यायचे. या माणसाला आपला संताप कोठे तरी ठेवावाच लागतो. ‘यांच्या काळजातच पाणी नाही’ असे म्हटले, की संतापाला पत्ता मिळतो. परंतु पाठीराख्यांची सोय होते तेव्हा खेळाडूंची गैरसोय होते. १९८१ साली जो विशीतील मुलगा मैदानात उतरला, त्याच्या खांद्यावर कार्लटनचा गडी तर होताच. शिवाय तो शाळेत असताना घडलेल्या १९७० च्या पराभवाचे ओझेही होते. ज्या आजाराची नुसती शंका होती, तो आजार नावामुळे खरोखरच लागावा, असा हा धोका असतो.

क्लब आणि माणसे यांतील हा ताण नाटककाराच्या नजरेतूनही सुटला नाही. १९७७ साली, म्हणजे बरोबरीच्या त्या सामन्याच्याच वर्षी, डेव्हिड विल्यमसन यांचे ‘द क्लब’ हे नाटक मेलबर्नमध्ये रंगभूमीवर आले. सामना त्यात दिसतच नाही. दिसते ती हरत्या क्लबाची बैठकीची खोली आणि तेथे एकमेकांवर ढकलला जाणारा दोष. त्या क्लबामागे कॉलिंगवुडची छाया आहे, हे सर्वश्रुत होते. तीन वर्षांनी त्यावर चित्रपट निघाला, तेव्हा पडद्यावर कॉलिंगवुडचेच रंग आले.

आता प्रश्न असा, की हे निदान खरे होते काय? भावना बाजूला ठेवून गुणफलक वाचला, तर चमत्कारिक गोष्ट दिसते. १९६४ साली दोन्ही संघांचे गोल आठ-आठ होते. १९६६ साली दहा-दहा. १९७९ साली अकरा-अकरा. तिन्ही वेळा कॉलिंगवुडने प्रतिस्पर्ध्याइतकेच गोल केले. फरक पडला तो केवळ बिहाइंडचा, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या हुकलेल्या नेमांचा. १९७० साली तर कॉलिंगवुडने एकतीस वेळा गुण मिळविले आणि कार्लटनने सव्वीस वेळा. परंतु कॉलिंगवुडच्या एकतीसपैकी सतरा बिहाइंड होते. काही वितींचे हे अंतर वाऱ्याने पडते, चिखलाने पडते, दमलेल्या पायाने पडते. त्यावरून अठरा माणसांच्या शौर्याचा निकाल देणे म्हणजे ढगाच्या आकारावरून पीक मोजण्यासारखे आहे. आणि दैव एकाच बाजूला झुकते असेही नाही. १९७७ च्या बरोबरीच्या सामन्यात नॉर्थ मेलबर्नचे बावीस नेम हुकले होते, म्हणूनच कॉलिंगवुड त्या दिवशी वाचले.

दुसरी गोष्ट पद्धतीची. बावीस सामन्यांत दैवाचे माप बरेचसे सारखे होते. सप्टेंबरातील दोन-तीन सामन्यांत ते होत नाही. पाच महिन्यांच्या श्रेष्ठत्वाचा निवाडा एका दुपारी करावयाचा, हे या स्पर्धेचे आकर्षण आहे आणि तिचे क्रौर्यही. तिसरी गोष्ट सर्वांत साधी. अंतिम सामन्यात आठ वेळा हरण्यासाठी तेथे आठ वेळा पोचावे लागते. जे क्लब त्या वर्षांत ऑगस्टमध्येच घरी गेले, त्यांच्या धैर्याची परीक्षा कोणी घेतली नाही आणि त्यांना कोणी नावही ठेवले नाही.

तथापि एवढ्यावरून पाठीराख्यांचा संताप खोटा ठरत नाही. चव्वेचाळीस गुणांची आघाडी केवळ वाऱ्याने जात नाही. बरासीने डाव बदलला आणि कॉलिंगवुडला वेळीच उत्तर सापडले नाही, हेही खरेच आहे. आणि हिशेब कितीही बिनचूक असला, तरी तो घरी परतणाऱ्या ट्राममध्ये कोणाच्या उपयोगी पडत नाही. ज्याचा संघावर हक्क नाही त्याला राग येत नाही. तो फक्त निकाल वाचतो. कॉलिंगवुडचा माणूस चिडला, त्याने प्रशिक्षकाला नावे ठेवली, यापुढे मैदानाचे तोंड पाहणार नाही अशी प्रतिज्ञा केली, आणि मार्च-एप्रिल उजाडताच तो गळपट्टा शोधू लागला. त्या प्रतिज्ञांपेक्षा तो गळपट्टाच खरा. प्रश्न रागाचा नव्हताच. राग माणसांच्या स्वभावाला चिकटविला गेला, एवढेच चुकले.

१९९० साली कोंडी फुटली ती गमतीदार रीतीने. बाद फेरीत कॉलिंगवुडचा वेस्ट कोस्टशी सामना बरोबरीत सुटला. तो पुन्हा खेळवावा लागल्याने साऱ्या स्पर्धेचे वेळापत्रक आठवडाभर पुढे गेले आणि अंतिम सामना ६ ऑक्टोबरला झाला. प्रशिक्षक ली मॅथ्यूज आणि कप्तान टोनी शॉ यांच्या संघाने एसेंडनला अठ्ठेचाळीस गुणांनी हरविले. १९६० साली हा दुष्काळ सुरू झाला होता तोही अठ्ठेचाळीस गुणांच्याच पराभवाने. १९५८ साली जन्मलेले मूल आता बत्तीस वर्षांचे झाले होते. सप्टेंबर टळला म्हणून जिंकलो, असा विनोद करण्यास त्या दिवशी कोणाची हरकत नसावी. पुढे २०१० साली सेंट किल्डाशी अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि आठवड्याने पुन्हा खेळून कॉलिंगवुडने जिंकला. तो दिवसही ऑक्टोबरचाच होता.

२०१८ साली जुनी जखम पुन्हा उघडी पडली. वेस्ट कोस्टकडून संघ पाच गुणांनी हरला, आणि गोल पुन्हा अकरा-अकरा होते. त्यानंतर ३० सप्टेंबर २०२३ रोजी ब्रिस्बेनविरुद्धचा अंतिम सामना आला. त्या दिवशी ब्रिस्बेनने तेरा गोल केले, कॉलिंगवुडने बाराच केले. परंतु कॉलिंगवुडचे बिहाइंड अठरा होते आणि ब्रिस्बेनचे आठ. बेरीज झाली ९० आणि ८६. १९६४ साली जे चार गुण कमी पडले होते, तेच चार गुण या खेपेस अधिक भरले. आणि ते भरले हुकलेल्या नेमांनी. १९५८ नंतर कॉलिंगवुडने सप्टेंबर महिन्यात जिंकलेले हे पहिले अजिंक्यपद.

त्या संध्याकाळी ‘हुकलेल्या नेमांवर जिंकलेले भित्रे’ असे विजेत्यांना कोणी म्हटले नाही, आणि ते योग्यच झाले. परंतु तोच न्याय मागे वळून १९६४, १९६६ आणि १९७९ च्या खेळाडूंनाही लावला पाहिजे. खांबापासून वीतभर अंतरावरून गेलेला चेंडू जिंकणाऱ्याला शूर करीत नाही आणि हरणाऱ्याला भेकड करीत नाही. तो फक्त फलकावरचा एक आकडा बदलतो. हे ओळखूनही ज्याला वाईट वाटते, तो खरा पाठीराखा. आणि वाईट वाटत असतानाही जो हे विसरत नाही, तो न्यायी पाठीराखा. बॉब रोझसारख्या माणसाला त्याच्या हयातीत अशा न्यायाची गरज होती. पंधरा गुणांचे ते अंतर त्याच्या शौर्यातले नव्हते.